शिंपल्यातलं गोंदण

माय गेली तेव्हा तिच्या अंगावरचं सगळं घरातच राहिलं, एक गोंदण तेवढं सोडून. पाटल्या, गळ्यातली पोत, नाकातली फुली, पायातले तोरडे, सगळं भावजयीने एका रुमालात बांधून कपाटात ठेवलं. ते आजही तिथेच आहे. मायला हे आधीच ठाऊक होतं. "सोनं नाही येत संगं, गोंदनं येते," असं ती उठता-बसता म्हणायची. कधीकाळी माळव्यातून इकडे येऊन धानाच्या शेतीत रुजलेल्या आमच्या समाजात तिच्या वयाच्या बायांची ही पक्की समजूत होती. वर गेल्यावर देव विचारतो म्हणे, काय आणलंस, आणि बाई हात पुढे करते. म्हणून लग्नाआधी पोरीला गोंदवून घेत. माझ्या वेळी तिने विषय काढला तेव्हा मी नाक मुरडलं आणि विज्ञानाचं पुस्तक उघडून बसले. पुढे त्याच विज्ञानावर गोंदियातल्या एका शाळेत मास्तरीण झाले, त्यामुळे नाक मुरडायची सवय काही सुटली नाही.

तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तुळशीचं रोप होतं. खाली वृंदावनाचा चौकोन, वर दोन्ही बाजूंना पानं आणि सभोवती ठिपके. काजळीचं काम. ते कातडीत मुरून मुरून हिरवट झालं होतं. आम्ही लहानपणापासून ते रोज पाहत होतो, म्हणजेच कधी नीट पाहिलं नव्हतं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी गोंदियाजवळ मुर्रीला माझ्या घरी परत निघाले होते. स्कूटीला पिशवी अडकवत होते, तर ओसरीवर बसलेले बाबूजी म्हणाले, "तिनं आपलं त नेलं संगं. माह्यासाठी काय ठेवलं?"

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो तसं काहीतरी बोलून राहिले. म्हटलं, "फोटो आहे ना बाबूजी, एवढा मोठा करून लावला."

"फोटोत तोंड हाये. हात कुठं हाये?"

खरंच नव्हता. मी मोबाइल उघडून सगळे फोटो चाळले. लग्नातले, बारशातले, नव्या ट्रॅक्टरसमोरचे. फोटो काढतो म्हटलं की माय आधी पदर सारखा करायची आणि दोन्ही हात पदराखाली घालायची. एका फोटोत ती भात वाढत होती, पण हात हलल्यामुळे तिथे नुसता धुरकट पट्टा आला होता. हातच का, हे तेव्हा मला कळलं नाही. मी चिडले आणि निघून आले.

कळलं ते पुढच्या रविवारी. बाबूजींना काचबिंदू आहे. बरीच वर्षं झाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गई हुई नजर वापस नहीं आती बाबूजी, जितनी बची है उतनी बचाएंगे." त्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब टाकायचे. ते काम मायचं. बाबूजी खाटेवर उताणे पडायचे, माय उशाशी बसून डावा हात त्यांच्या कपाळावर टेकवायची, बोटांनी पापणी वर करायची आणि उजव्या हाताने थेंब सोडायची. कडेची नजर आधी गेलेली, मधली काय ती शाबूत. त्या उरलेल्या नजरेसमोर, अगदी वीतभर अंतरावर, रोज दोन वेळा ती तुळस यायची. माय गेल्यापासून औषधाची बाटली खिडकीत तशीच पडली होती. भावजयीला वाटलं, ते आपले आपण टाकत असतील. त्यांना वाटलं, आता कशाला. मी बाटली हातात घेतली तेव्हा बाबूजी म्हणाले, "टाक. पन तुया हातावर काईच नाही."

माझा धाकटा भाऊ गावातच असतो. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अंगाला, दिवसभर डोक्यावर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात, त्यांच्याकडे आता बैलही पाहत नाहीत. शेताच्या वरच्या बाजूला आमची बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांध घालून केलेलं लहानसं तळं. तिच्यात शिंपले आपोआप असतातच. भावाने कुठे तरी प्रशिक्षण घेतलं आणि त्या शिंपल्यांत मोती पिकवायचं काम सुरू केलं. गोल मोती नव्हे, चित्राचे. गणपतीचा, स्वस्तिकाचा, ओमचा नखाएवढा साचा शिंपल्याच्या आत सरकवायचा आणि शिंपला पाण्यात परत सोडायचा. वर्ष-दीड वर्षात शिंपला त्या साच्यावर आपली चकाकी चढवतो. मी त्याची कायम टर उडवायचे. "देवाला शिंपल्यात कोंडून तुला कोणतं पुण्य लागणार आहे रे?" तो हसायचा. माझ्यासारख्या तिरसट बहिणीशी कसं वागायचं, हे त्याला लहानपणापासून जमतं.

एका संध्याकाळी जेवता जेवता बाबूजींनी त्याला विचारलं, "तुया शिंपल्यात गनपती उगवते त तुई माय काऊन नाही उगवत?"

भाऊ घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "उगवंल ना बाबूजी. साचा करा लागते फक्त."

साचा करायचा तर चित्र हवं, आणि इथे आमचं भांडण झालं. भाऊ म्हणाला, पानं तीन-तीन होती. मी म्हटलं, चार-चार. तो म्हणाला, वृंदावनाच्या पोटात एक ठिपका होता. मी म्हटलं, पोट रिकामं होतं, तुला आमगावच्या मावशीचं आठवतंय. ती मावशी आणि माय एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवून घेतलेल्या. मावशीला विचारावं तर तीही गेलेली. दोघांच्या जन्मापासून जो आमच्या अंगावरून फिरला, ज्याने आम्हाला भरवलं, आम्हाला बडवलं, त्या हातावर नेमकं काय होतं, हे दोन शिकली-सवरलेली मुलं छातीठोक सांगू शकत नव्हती. बाबूजींनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर, डोळे जवळजवळ टेकवून, एकेक पान काढलं. चार एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. "गोंदनाऱ्या बाईनं सुई टोचली त तिनं हात ओढला. एक पान राहून गेलं," ते म्हणाले. आम्हाला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

भावाने शिंपल्याचीच भुकटी करून, ती चिकट मसाल्यात कालवून साचे बनवले. मी शेजारी बसून देखरेख केली, म्हणजे चुका काढल्या. "ठिपके चांगले वर आलेले कर. बाबूजींना दिसले पाहिजेत." त्याने सुईच्या टोकाने ठिपके पुन्हा पुन्हा उठवले. पानंही उठवली. साचा बोटाखाली खरखरीत लागायला लागला तेव्हा माझं समाधान झालं.

शिंपला उघडणं नाजूक काम. तो आपली दोन्ही दारं गच्च मिटून बसतो. भाऊ त्याला थोडंसंच उकलायचा, आतला मऊ पडदा कवचापासून हळूच सोडवायचा, साचा त्या फटीत सरकवायचा आणि दार लावून द्यायचा. मी टोपलीतून शिंपले काढून देत होते. आतला जीव पांढरट, ओला, थरथरणारा. त्याला ना डोळे ना डोकं. मनात म्हटलं, बाबा रे, तुझा आमच्या मायशी काही संबंध नाही, तरी एवढं कर. शाळेत मी असलं कोणासमोर कबूल केलं नसतं. मग ते शिंपले जाळीच्या पिशव्यांत घालून, रिकाम्या बाटल्यांच्या तरंगत्या दोरीला बांधून बोडीत सोडले.

आता शर्यत लागली. इकडे शिंपल्याचं काम, तिकडे बाबूजींची नजर. शिंपल्याला वर्षाहून जास्त लागणार, हे भावाने आधीच सांगितलेलं. बाबूजींनी एवढंच विचारलं, "तवर डोरे राहतीन का?" रविवारी थेंब टाकायला मी जायचे, बाकीचे दिवस भावजय. माझ्या हाताखाली ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. "तुया हात लय जड हाये वो," म्हणायचे. मग मी पण ओरडायचे.

एकदा असंच थेंब टाकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या साच्याले रंग कोन देते? शिंपला रंग कुठून आनते?"

हा माझा विषय. मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, शिंपला रंग आणतच नाही. तो पाण्यातला चुना घेतो आणि त्याचे चपटे, पातळ स्फटिक बनवतो. ते विटांसारखे एकाला एक लावून थर घालतो, मध्ये डिंकासारखा पापुद्रा देतो, वर दुसरा थर. केसाच्या जाडीत असे कितीतरी थर मावतील. या स्फटिकांना स्वतःचा काही रंग नसतो. उजेड पडला की थोडा वरच्या थरावरून परततो, थोडा खालच्या, थोडा त्याच्याही खालच्या. परतताना ते एकमेकांत मिसळतात. कुठे हिरवा जोर धरतो, कुठे गुलाबी, बाकीचे आपसात विरून जातात. शिंपला जरा कलता केला की रंग बदलतो. कुटून पाहिला तर हातात पांढरी पूड येते. मासोळीच्या खवल्यांची चांदीही अशीच, तिच्या अंगात वाढलेल्या बारीक स्फटिकांची.

"धानाच्या बांधीतल्या पान्यावर डिझल सांडते तसं?" त्यांनी विचारलं.

"अगदी तसंच."

बाबूजी छताकडे तोंड करून म्हणाले, "म्हंजे रंग नसते, पन दिसते. माह्यं उलटं हाये. रंग असते, पन दिसत नाही." मी बाटलीचं झाकण लावण्याचं काम उगाच बराच वेळ करत राहिले.

उन्हाळ्यात बोडी आटत आली. भावाने पिशव्या विहिरीत उतरवल्या, तरी बरेच शिंपले मेले. मेलेल्या शिंपल्याचा वास घरभर बसतो, आंघोळीनेही जात नाही. आम्ही ते उघडून पाहिले. साच्यावर झिरझिरीत थर चढला होता, पण चकाकी नव्हती. करड्या साच्यावर ओली साय धरावी तसं दिसत होतं. तुळस मात्र ओळखू येत होती. मी म्हटलं, उरलेले आत्ताच उघड. जे आहे ते बाबूजींना दाखवू. त्यांना अजून थोडं दिसतं. भाऊ म्हणाला, "ताई, मोहर पाहून आंबा उतरवते का कोनी?" मी म्हटलं, खाणारा उठून जात असेल तर उतरवावा. आवाज चढले. मी त्याला नाही नाही ते बोलले, तूच तुझ्या मोत्यांचा नमुना मिरवायला हे करतोयस, इथपर्यंत.

बाबूजींनी आतून हाक मारली. मेलेल्या शिंपल्यातली ती करडी तुळस मी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्याशी नेली, खिडकीकडे वळले, परत फिरले. "आजारी असताना असा होता तिचा हात," म्हणाले. "नोको. मले चांगला पाहाचा हाये. थांबतो." शिंपला त्यांनी माझ्याकडे परत दिला. त्यांनीच थांबायचं ठरवलं म्हटल्यावर मी काय बोलणार? पण मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

पावसाळाभर नजर उतरत गेली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते काठी टेकत शेताच्या धुऱ्यावरून बोडीपर्यंत जायचे आणि तरंगत्या बाटल्या कुठे आहेत ते विचारायचे. धान पोटरीला आलं तेव्हा कोणी तरी हात धरून नेऊ लागलं. एका रविवारी मी समोर येऊन उभी राहिले, तर म्हणाले, "सूनबाई, ताई आली नाही का आज?" मी आवाज न बदलता म्हटलं, "आली आहे." डॉक्टरांनी औषध बदललं, पुन्हा बदललं. दिवाळीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

धान कापून झालं, चुरणं म्हणजे मळणीही झाली, तेव्हा भावाने शिंपले काढले. थंडीची सकाळ होती. ओसरीवर ऊन आलं होतं आणि बाबूजी त्या उन्हात घोंगडं घेऊन बसले होते. भावाने सुरीने पहिला शिंपला उकलला. आतला जीव बाजूला केला, कवच पाण्याने धुतलं आणि उन्हात धरलं.

मी वर्षानुवर्षं मुलांना प्रकाश शिकवत आले, पण असा पाहिला नव्हता. तुळस उगवली होती. चार पानं इकडे, तीन तिकडे, वृंदावन, ठिपके. कवच जरा कलतं केलं की पानांवर हिरवा चढायचा, त्यातून निळा फुटायचा, ठिपक्यांच्या कडेला कबुतराच्या गळ्यावरचा गुलाबी. त्या आंधळ्या, बिनडोक्याच्या जीवाने आमच्या मायचं राहून गेलेलं पानसुद्धा राहू दिलं होतं. भावजय पदर तोंडाशी नेऊन उभी होती. भाऊ रडत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात माझे सगळे शब्द परत घेतले.

"झालं का?" बाबूजींनी विचारलं.

भावाने कवच त्यांच्या हातात दिलं. "बाबूजी, हात लावून पाहा. सगळं लागते बोटाले. पानं, ठिपके, सगळं." त्याच्या आवाजात मोठी उमेद होती. माझ्याही मनात होती. दिसत नाही तर काय झालं, बोटं आहेत ना. आम्ही ठिपके इतके उठवले होते.

बाबूजींनी अंगठा फिरवला. वरून खाली, खालून वर. पुन्हा एकदा. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"हे काय टोचून राहिलं?" ते म्हणाले.

"ठिपके हायेत. मायचे."

"तिचा हात त सपाट होता गा."

गोंदण कातडीच्या आत असतं. त्याच्यावरून बोट फिरवलं तर काहीही लागत नाही, नुसता माणसाचा हात लागतो. हे जगातल्या कोणालाही कळेल. शेवटची आंघोळ मी घातली होती मायला, त्याच हातावरून माझी बोटं फिरली होती. तरी साचा करताना आम्हा दोघांच्या डोक्यात हे आलं नाही. आम्ही डोळ्यांसाठी केलं आणि बोटांच्या हवाली केलं.

भाऊ घाईघाईने म्हणाला, "घासून देतो बाबूजी, गुळगुळीत करून देतो." म्हणजे रंगही गेला असता आणि तुळसही.

"कायले घासतं?" बाबूजी म्हणाले. त्यांना राग आलेला नव्हता. त्यांनी कवच मुठीत धरून माझ्या आवाजाच्या अंदाजाने हात पुढे केला. "घे. तुमाले दिसते ना? मंग तुमी ठेवा. मले तिचा हात माहीत हाये. तुमी इसरून जाल."

मी म्हटलं, असं कसं विसरू. जरा जोरातच म्हटलं. ते उन्हाकडे तोंड करून बसले.

ते कवच आता मुर्रीच्या घरी आहे, देवाच्या शेजारी. सकाळी खिडकीतून ऊन आलं की चमकतं. येणारे-जाणारे विचारतात, हातात घेऊन वाह वाह करतात. मी त्यांना थर, स्फटिक आणि उजेड समजावून सांगते, सांगताना मलाही बरं वाटतं. रविवारी अजून थेंब टाकायला जाते. डॉक्टर म्हणतात आता उपयोग नाही, बाबूजी म्हणतात टाक. माझा हात कपाळावर टेकला की ते पूर्वीसारखे डोळे मिटत नाहीत.

एकटी असले की कधी कधी मायचा हात आठवायला बसते. भात वाढणारा, माझी वेणी घालणारा, पाठीत धपाटा घालणारा. आठवतो. पण त्याच्यावर तुळस आली की ती शिंपल्यातली येते. वर उठलेली, हिरवी-निळी, ऊन लागल्यासारखी चमकणारी. मायच्या हातावर तसलं काही नव्हतं, हे मला माहीत आहे. ते खरं कसं होतं, ते आता आमच्या घरात फक्त बाबूजींना दिसतं.